टाकीचा उपास

"आक्का, म्हैस मेली," सिद्राममामा म्हणाला.

टाकीच्या लोखंडी कठड्याला टेकून तो उभा होता. डोक्याचा रुमाल त्यानं नाकातोंडावर बांधला होता, त्यामुळं आवाज घोगरा येत होता. मी जिना चढून वर गेले आणि वाकून पाहिलं. रोज त्या टाकीत चहाच्या रंगाचं पाणी उकळल्यासारखं खदखदायचं. आज ती निपचित पडली होती. वर काळी साय धरली होती. सायीतून मधूनच एखादा बुडबुडा वर यायचा, फुटायचा, आणि वास थेट घशात जायचा. लोक त्याला सडक्या अंड्याचा वास म्हणतात. मला अंड्याचं काय ठाऊक? मला वाटलं, आत काहीतरी फार मोठं कुजलंय.

मी काही बोलले नाही. सकाळचे आठ वाजले होते, आणि उठल्यापासून दहापर्यंत माझं रोज मौन असायचं. कारखान्यात सगळ्यांना ते ठाऊक होतं. मी पर्स उघडली, टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या पॅनेलची किल्ली काढली आणि मामाच्या तळहातावर ठेवली. तो घटकाभर किल्लीकडं बघत राहिला. मग जिना उतरून खाली गेला. ब्लोअरनं दोन-तीन आचके दिले आणि तो सुरू झाला. तळातून हवा वर आली तशी काळी साय फाटली आणि वास दुप्पट झाला.

"आता फुंकर घालून काय उपेग," खालून मामाचा आवाज आला. "काल घालायची व्हती."

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात मागाच्या गावांना तोटा नाही, आणि माग आले की कापड रंगवणारे कारखाने आले. आप्पासाहेबांचा तसाच एक. मोठमोठ्या यंत्रांत कापड रंगायचं आणि दिवसाला टँकरच्या टँकर रंगीत पाणी बाहेर पडायचं. कधी नेव्ही, कधी मरून, कधी नुसतं काळं. पूर्वी त्यात तुरटी-चुना घालायचे, रंग खाली बसला की वरचं पाणी नाल्याला. त्या वर्षी प्रदूषण मंडळाचा हुकूम आला, की एक थेंबही फाटकाबाहेर जाता कामा नये. पाणी कारखान्यातच साफ करा आणि पुन्हा रंगाईलाच वापरा. जमत नसेल तर कुलूप लावा.

म्हणून सांडपाणी साफ करायचा नवा प्लँट झाला. ईटीपी. मी आठ वर्षांपासून कारखान्याच्या लॅबमध्ये होते. रसायनशास्त्र शिकले होते आणि नवरा गेल्यावर नोकरीची गरज होती. सिद्राम कोळेकर प्लँटचा ऑपरेटर. मूळचा जतकडचा धनगर, तेव्हा चोपन्न वर्षांचा. बायकोसह तो कारखान्याच्या आवारातल्याच खोलीत राहायचा.

नव्या टाकीत तुरटी नव्हती. तिच्यात जीव होते. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव, पाण्यातली घाण खाऊन जगणारे. त्यांचं खाऊन झालं की पाणी पुढं गाळण्यांतून, मग बारीक पडद्यांच्या यंत्रातून जायचं आणि शेवटी काचेसारखं होऊन पुन्हा रंगाईच्या यंत्रांना मिळायचं. इंजिनिअरनं हे सगळं आम्हाला दोन दिवस फळ्यावर समजावलं होतं. मामानं शेवटी एकाच वाक्यात त्याचा निकाल लावला.

"म्हंजे म्हैस हाय. चारा घाला, वारा द्या, शेण काढा. दूध आपसूक देतीया."

तेव्हापासून ती म्हैस.

आप्पासाहेब साडेनऊला आले. पांढरं धोतर, कपाळाला गंध. पर्वाचं दहा दिवसांचं एकभुक्त, एकवेळचं जेवण, त्यांच्या गालांवर दिसत होतं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस. त्यांच्या वडिलांपासूनची रीत अशी, की त्या दिवशी कारखान्यात एकही यंत्र फिरायचं नाही. बॉयलर पेटायचा नाही, पाणी तापायचं नाही, आपल्या हातून एकही जीव दुखवायचा नाही. तेरसला संध्याकाळी सहाला सगळं बंद व्हायचं ते पौर्णिमेला सकाळी चालू. नव्या टाकीचं हे पहिलंच पर्व होतं.

त्यांनी टाकीत पाहिलं. खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला आणि पुन्हा खिशात घातला. पापातून पळ काढल्यासारखं वाटलं असावं.

"ब्लोअर कुणी बंद केला?"

मामानं रजिस्टर पुढं केलं. तेरस, संध्याकाळ सहा, ब्लोअर बंद. खाली त्याची वाकडी सही.

"म्या."

"कुणाला विचारून?"

मामानं माझ्याकडं पाहिलं नाही. "नोटीस व्हती न्हवं मालक. सगळी यंत्रं बंद. ह्ये बी यंत्रच की."

"अडतीस तास." आप्पासाहेबांचा आवाज कधी चढायचा नाही. तो चढला नाही म्हणूनच भीती वाटली. "इंजिनिअरनं तुला काय सांगितलं होतं? हवा एक तासही बंद पडू द्यायची नाही म्हणून? दहाव्या दिवशी मंडळाची माणसं येणार आहेत. हे पाणी बघून ते काय करतील? दीडशे माणसं घरी बसतील, सिद्राम."

"व्हय मालक."

"अनंतमती, हे पुन्हा उभं राहील का?"

मी पर्समधल्या वहीवर लिहिलं, 'बाहेरून जिवंत गाळ आणावा लागेल. आठ दिवस.' त्यांनी वाचलं.

"आठ दिवस. तोवर रंगाई बंद. साठलेलं पाणी मोठ्या टाकीत धरून ठेवा. काही झालं तरी नाल्याला सोडायचं नाही. आणि सिद्राम, टाकी चालू होईपर्यंत तू थांब, कारण तिचं तुला कळतं. एकदा ती चालू झाली की मग तू मोकळा."

"म्हंजे म्हशीला उठवायचं आणि मग म्या जायचं."

"हो."

"बरं," मामा म्हणाला आणि रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधू लागला.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा झाले होते. ते मी पाहिलं, हे मला अजून आठवतं.

*

त्या आठ दिवसांचा थकवा माझ्या अंगात अजून कुठंतरी आहे. दहा दिवसांचे उपवास संपवून मी आले होते. पायात गोळे यायचे, जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. आधी टाकीतला मेलेला गाळ उपसायचा. तो पंपानं वाळवणाच्या हौदांत सोडायचा, तिथं तो काळ्या खिरीसारखा पसरायचा. मग वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या एका रंगाईतून टँकरनं जिवंत गाळ आला. तपकिरी, मातीच्या वासाचा. टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, "पाणी सोडून गाळ मागवणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं."

"इरजण हाय ते," मामानं सांगितलं. "तुला न्हाई कळायचं."

इरजण घातलं तरी त्याला खायला पाहिजे. मामा रोज पहाटे गावातल्या गोठ्यातून शेण आणायचा, पाण्यात कालवून चाळणीनं गाळायचा. गुळाचे दहा-दहा किलोचे रवे आणले होते. ते दगडानं फोडून, बादलीत विरघळवून, धार धरून टाकीत सोडायचे. ब्लोअरच्या घरघरीत तो एकटाच बोलत असायचा. "खा गं बाई. खा. आता रुसू नगं."

दुसरा दिवस क्षमावणीचा होता. पर्व संपलं की आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. वर्षभरात मनानं, बोलण्यानं, हातानं कुणाला दुखवलं असेल तर हात जोडून तसं म्हणायचं. लहान-मोठं, मालक-नोकर असा भेद करायचा नाही. आप्पासाहेब दर वर्षी कारखाना फिरून प्रत्येकापुढं उभे राहायचे. वाहवा मिळवायला नव्हे; त्यांना ते खरोखर वाटायचं.

ते प्लँटवर आले तेव्हा मामाचे हात कोपरापर्यंत शेणात होते.

"सिद्राम," आप्पासाहेबांनी हात जोडले, "वर्षभरात माझ्याकडून कळत-नकळत तुझं मन दुखावलं असेल तर क्षमा कर."

मामानं शेणाचे हात तसेच जोडले. "केली की. पण मालक, मला काढताय ते कळत का नकळत?"

आप्पासाहेबांनी मान खाली घातली. "ते कारखान्याचं काम आहे. हे माझ्या मनाचं."

"मग मनाला सांगा, सिद्रामाचं काय न्हाई म्हणून."

ते गेले. दहा वाजून गेले होते. मी लॅबमधून बाहेर आले आणि मामापुढं हात जोडले. तेच शब्द मीही म्हणाले. इतकी वर्षं म्हणत आलेले, तोंडात बसलेले शब्द. कळत-नकळत, वर्षभरात, काही चुकलं असेल तर.

मामा बादलीत हात धूत होता. "काय चुकलं, आक्का?"

"जे काही असेल ते."

"तसं एकदम ठोक नगं. किरकोळीत सांगा." तो हसत होता. पुढचे दोन दात पडलेले, तंबाखूनं काळी झालेली हिरडी. पण डोळे हसत नव्हते, ते नुसते वाट बघत होते.

माझ्या तोंडात शब्द आले. ओठांपर्यंत आले असतील. मग मी म्हणाले, "सिलिंडरमधला नमुना बघायचाय," आणि आत गेले.

लिटरभर काचेच्या नळकांड्यात टाकीचं पाणी भरून अर्धा तास ठेवायचं. गाळ जिवंत असला तर गुपचूप खाली बसतो, वर स्वच्छ पाणी राहतं. त्या दिवशी काही बसलं नाही. सगळं पाणी गढूळच राहिलं. ते नळकांडं समोर ठेवून मी अर्ध्या तासाच्या जागी तासभर बसून राहिले.

*

माझ्या नेमांची मामाला गंमत वाटायची, पण त्यानं त्यांची कधी थट्टा केली नाही. माझं पिण्याचं पाणी वेगळं असायचं. आवारातल्या विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचं, आणि फडक्यावर राहिलेलं पाणी, त्याला आम्ही जिवाणी म्हणतो, ज्या विहिरीचं त्याच विहिरीत परत सोडायचं. त्यातल्या जीवाला त्याचं घर मिळावं म्हणून. सूर्य मावळायच्या आत जेवायचं. सकाळी मौन. नवरा गेल्यावर मी एकेक नेम धरत गेले होते. दुसरं धरायला काही नव्हतं.

चौथ्या दिवशी मी जिवाणी सोडायला विहिरीवर गेले, तर मामा तिथं काठावर बसून भाकरी खात होता.

"आक्का, एक विचारू?"

"विचारा की."

"फडक्यावरचं जितराब तुम्ही रोज परत घरला धाडता. एवढंसं, दिसत बी न्हाई. व्हय न्हवं?"

"हो."

"चांगलं हाय," तो म्हणाला. घास गिळला. "लई चांगलं हाय," आणि उठून गेला.

लॅबमध्ये एक सूक्ष्मदर्शक होता. रोज टाकीतला एक थेंब काचेवर घेऊन मी त्यात बघायची. नव्या टाकीचे पहिले महिने मी तेच बघत राहिले होते. देठावर बसलेल्या घंटेसारखे जीव, आकसायचे, पुन्हा फुलायचे. तोंडाशी चाकं फिरवत फिरणारे जीव. मला त्यांची भीतीही वाटायची आणि त्यांना सोडून उठवतही नसे. आता त्या काचेवर काळे चिंधीसारखे तुकडे नुसते पडून होते.

"हाय का कोन?" मामा दारातून विचारायचा.

"नाही."

पाचव्या दिवशी एक ठिपका सुळकन एका बाजूकडून दुसरीकडं गेला. मी मामाला बोलावलं. त्यानं एक डोळा मिटला, दुसरा भिंगाला लावला.

"काय दिसतंय?"

"माझीच पापणी," तो म्हणाला. मग एकदम, "आगं आय्! ग्येलं! त्ये बग ग्येलं!"

सातव्या दिवशी नळकांड्यात गाळ बसला. वरचं पाणी फिकट पिवळं होतं, पण आरपार दिसत होतं. त्या संध्याकाळी सूर्य मावळून गेल्यावर मला आठवलं, की मी दिवसभर काही खाल्लेलं नाही. नेमाप्रमाणं आता खाता येणार नव्हतं. मामाच्या बायकोनं ताटलीत दोन केळी आणली होती. मी हात जोडून नाही म्हणाले. तिच्या सामानाचं एक बोचकं खोलीच्या दारात बांधून ठेवलेलं होतं. पितळी भांड्यांचं. टाकी उभी राहतेय हे तिलाही कळलं होतं.

*

आठव्या दिवशी सकाळी काचेवर घंटा होती.

एकच. देठावर उभी. आकसली, आणि फुलली. मी डोळा न हलवता बघत राहिले. मग शेजारी दुसरी दिसली. मी खिडकीतून हातानं खूण केली तसा मामा धावत आला, बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"वासरू झालं," तो म्हणाला.

तेवढ्यात आप्पासाहेब आले. नळकांडं उचलून त्यांनी उजेडात धरलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेलं पत्र काढलं.

"सिद्राम, तू आठ दिवस फार केलंस. नवा माणूस उद्यापासून येईल. खोली महिनाअखेर रिकामी केलीस तरी चालेल."

"म्हंजे आज काढत न्हाई."

"आज नाही."

मामानं कमरेच्या करदोट्याला बांधलेली पॅनेलची किल्ली सोडली. गाठ सुटेना. त्यानं वाकून दातांनी सोडवली. किल्ली त्यानं आप्पासाहेबांच्या हातात दिली नाही. माझ्या टेबलावर, सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवली.

"नव्या माणसाला सांगा," तो मला म्हणाला, "कान सारखा ब्लोअरकडं ठेवायचा. आवाज जरा बदलला की समजायचं, म्हशीचं बिनसलं."

मी किल्लीकडं बघत होते. तिला शेणाचा वास येत होता. घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

"आप्पा," मी म्हणाले. "किल्ली माझ्याकडं होती."

आठ वर्षांत सकाळच्या वेळी तिथं कुणी माझा आवाज ऐकला नव्हता. मलाच तो परका वाटला.

आप्पासाहेबांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं. "अनंतमती, अजून दहा वाजले नाहीत."

"माहीत आहे."

आणि मी सगळं सांगितलं. ते सांगायला मला आजही वेळ लागतो. तेव्हा दोन मिनिटं लागली असतील.

तेरसला संध्याकाळी सगळी यंत्रं एकेक करून थांबली होती. फक्त ब्लोअर चालू होता. मामानं येऊन सांगितलं, "आक्का, ब्लोअर चालू ऱ्हाऊ दे. म्या हाय हितं." मी त्याच वेळी काचेवरचा थेंब बघत होते. त्या देठावरच्या घंटा, ते चाकवाले. टाकीत त्यांना रात्रंदिवस कसं घुसळत असतील, ते माझ्या डोळ्यांपुढं आलं. दहा दिवस अहिंसेवरची प्रवचनं ऐकली होती, पोटात अन्न नव्हतं, मन अगदी हळवं झालं होतं. मी म्हणाले, "नको मामा. त्यांनाही एक दिवस विसावा मिळू दे."

"विसावा? आक्का, त्यांचा श्वास हाय तो."

"एका दिवसानं काय होतंय?"

"उपास तुमचा हाय," मामा म्हणाला होता. "म्हशीनं काय घोडं मारलंय?"

मी हसलेही नव्हते, त्याला ब्लोअर बंद करायला लावला. तो पुन्हा चालू करील म्हणून पॅनेलला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मी रोज त्या टाकीतला ऑक्सिजन मोजून वहीत लिहीत होते. वहीतला तो आकडा म्हणजेच त्यांचा श्वास, हे मला ठाऊक होतं, आणि त्या संध्याकाळी ठाऊक नव्हतं.

"आणि एवढंच नाही," मी आप्पासाहेबांना म्हणाले. "चतुर्दशीला दुपारी मामा माझ्या दारात आला होता. टाकी वास मारायला लागलीय म्हणून किल्ली मागायला. माझं त्या दिवशी पूर्ण मौन होतं, मी जपाला बसले होते. मी नुसता हात केला, उद्या. तो पायरीवर अर्धा तास बसला. मला दिसत होता. मग गेला."

लॅबमध्ये ब्लोअरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"आणि पौर्णिमेला मी विचारलं तेव्हा?" आप्पासाहेब म्हणाले.

"तेव्हाही मौन होतं."

"नंतर?"

"आठ दिवस रोज दहानंतरही मी गप्पच होते."

ते स्टुलावर बसले. त्यांचं वय एकदम दिसायला लागलं. पत्राची घडी त्यांनी उलगडली, पुन्हा घातली. "सगळी यंत्रं बंद, असं मीच लिहिलं होतं," ते कुणाला उद्देशून म्हणाले कळलं नाही. "नोटीस माझी. मीसुद्धा ब्लोअरचा विचार केला नव्हता. सिद्रामचं नाव पुढं आलं तेव्हा मला बरं वाटलं होतं."

"मी राजीनामा देते, आप्पा."

"तू जाणार, सिद्राम जाणार, मग मी कुठं जाऊ?" त्यांनी पत्र खिशात घातलं. क्षमावणी होऊन सहा दिवस झाले होते. तरी ते मामापुढं उभे राहिले. हात जोडू लागले.

मामाच बोलला. "झालं! ह्या वयात मला खोटारडा ठरवलंत की, आक्का. मालक, ती किल्ली घेऊ का परत? गुळाची येळ झालीया."

ते गेल्यावर मी मामाच्या मागोमाग टाकीवर चढले. तो गुळाचा रवा फोडत होता.

"मामा, तुम्ही का सांगितलं नाही?"

"तुमचं मौन व्हतं. मालकाला तर उत्तर पायजे व्हतं." त्यानं दगड खाली ठेवला. "मला वाटलं, धा वाजले की बोलाल. रोज धा वाजले की म्या तुमच्या तोंडाकडं बघत व्हतो."

मी कठड्याला धरून खाली बसले. त्यानं गुळाचा एक खडा उचलून माझ्यापुढं धरला.

"खावा. काल बी जेवला न्हाईसा, बायको सांगत व्हती. सूर्य वर हाय अजून."

मी खाल्ला.

*

मंडळाची माणसं आली, पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेली आणि नंतर तक्रार आली नाही. मामा आणखी पाच वर्षं प्लँटवर होता. मग गावी गेला. मागच्या वर्षी त्याच्या मुलाचा फोन आला, तेव्हा कळलं की तो आता नाही.

सकाळचं मौन मी त्याच दिवशी सोडलं. बाकीचे नेम आहेत. घेतलेला नेम मोडला त्याचं प्रायश्चित्त काय, हे मी कुणाला विचारलेलं नाही.

आप्पासाहेब थकलेत, आता नोटीस मीच लिहिते. दर वर्षी तीच: चतुर्दशीला सर्व यंत्रं बंद. त्याखाली एक ओळ: ब्लोअर चालू. त्या दिवशी मी देवळात सकाळची पूजा आटोपते आणि इथं येऊन बसते. यंत्रं थांबली की कारखान्यात फार शांत होतं. फक्त ब्लोअरची घरघर असते. रंगाचं पाणी येत नाही, म्हणून टाकीला गूळ लागतो. माझा निर्जळी उपवास असतो, घसा सुकलेला असतो. मी दगडानं रवा फोडते, बादलीत विरघळवते आणि धार धरून सोडते. बोटांना गूळ चिकटून राहतो. तो मी तांब्यातल्या पाण्यानं धुते, आणि धुतलेलं पाणीही परत टाकीतच सोडते.